बिघाड कुणी करायचा?

सिस्को कंपनीने १९९३ साली सीसीआयई ही नेटवर्किंगमधली सर्वांत वरच्या पायरीची परीक्षा सुरू केली. पास होणाऱ्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो. त्यातला पहिला, म्हणजे १०२४, कुणा माणसाला मिळालेला नाही. तो परीक्षेच्या प्रयोगशाळेलाच देऊन टाकला. १०२५ स्टुअर्ट बिग्ज यांचा आणि १०२६ टेरी स्लॅटरी यांचा. सिस्कोत नोकरी न करता ही परीक्षा पास झालेले स्लॅटरी हे पहिलेच. त्या काळी प्रात्यक्षिक दोन दिवस चालायचं. उमेदवाराने आधी राउटर-स्विच जोडून नेटवर्क उभं करायचं. मग त्याला बाहेर पाठवून परीक्षक त्याच नेटवर्कमध्ये बिघाड करून ठेवायचे आणि परत आल्यावर ते त्याने हुडकून काढायचे. २००१ मध्ये परीक्षा एका दिवसावर आली. आजही ती आठ तासांची आहे.

भारतात या प्रात्यक्षिकाचं केंद्र बेंगळुरूला आहे. सातारकराला त्यासाठी वाट वाकडी करावी लागत नाही, पुणे-बेंगळुरू महामार्ग गावाला लागूनच जातो. सांगलीकराने राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडली की झालं. रस्ता सोपा आहे. त्या रस्त्याने जावं का, हे मात्र ठरत नाही, आणि त्यावरून साताऱ्यात गोडोलीच्या एका घरात मामा-भाचीची अधूनमधून चांगलीच जुंपते.

मामा टेलिफोन खात्यात टेक्निशियन म्हणून लागले. ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलमधून ७८ हजारांवर माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी बाहेर पडली, त्यांत तेही होते. भाची सांगलीची, घर विश्रामबागला. पुण्यात हिंजवडीला एका कंपनीच्या नेटवर्क ऑपरेशन सेंटरमध्ये ती शिफ्ट करते आणि सुटीला घरी जाताना साताऱ्यात उतरते. बॅगेत लॅपटॉप असतो, परतीच्या वाटेवर मामींसाठी भडंगही.

"पैसे किती पडतात?" हा मामांचा पहिला प्रश्न.

"लेखी परीक्षेचे ४०० डॉलर, प्रात्यक्षिकाचे १,६००. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर एक लाख सत्तर हजार. टॅक्स आणि जाणं-राहणं वेगळं."

मामांनी वर्तमानपत्राच्या कडेला आकडा मांडला. "२०२४-२५ च्या हंगामात उसाची एफआरपी टनाला ३,४०० रुपये होती. म्हणजे तुझी परीक्षा ५० टन उसाची झाली. तोडणी-वाहतूक मी अजून वजा केलेली नाही. आणि नापास झालीस तर?"

"तर प्रात्यक्षिकाचे पैसे पुन्हा भरायचे."

"म्हणजे आणखी ४० टन."

भाचीचं म्हणणं असं की हा हिशेब बरोबर आहे, पण अर्धा आहे. या परीक्षेला कुठल्याही पदवीची अट नाही. आधी सीसीएनए किंवा सीसीएनपी या खालच्या पायऱ्या केलेल्या असाव्यात, असंही बंधन नाही. पाच ते सात वर्षांचा अनुभव असावा असं सिस्को सुचवते, पण सक्ती करत नाही. कऱ्हाड-इस्लामपूरकडचा पॉलिटेक्निकचा पोरगा आणि पुण्या-मुंबईच्या नामांकित कॉलेजातला इंजिनिअर, दोघांसमोर तोच पेपर येतो. "मुलाखतीत मला सगळ्यात आधी कॉलेज विचारतात, मामा. हा क्रमांक असला की आधी क्रमांकावर बोलतात. मला एवढंच पाहिजे."

"आणि तो क्रमांक टिकतो किती?"

"क्रमांक माझाच राहतो. मुदत तीन वर्षांची. नंतर पुन्हा परीक्षा द्यायची, नाहीतर अभ्यासक्रम वगैरे करून १२० क्रेडिट जमवायचे."

"माझं आयटीआयचं सर्टिफिकेट इतकी वर्षं ट्रंकेत पडलंय. त्याची मुदत कुणी विचारली नाही."

"पण एक्स्चेंज तेच राहिलं का इतकी वर्षं?"

इथे मामांना थांबावं लागलं, कारण उत्तर त्यांनाच तोंडपाठ होतं. आधी स्ट्रोजर, मग क्रॉसबार, मग इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज, मग ब्रॉडबँड. त्यात त्यांचं सगळ्यात लाडकं यंत्र म्हणजे सी-डॉटचं ग्रामीण एक्स्चेंज. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि तिने १२८ पोर्टचं एक एक्स्चेंज बनवलं. त्याला वातानुकूलन लागत नसे. गावातल्या साध्या खोलीत, धुळीत आणि उकाड्यात ते चालायचं. त्यातलं पहिलं जुलै १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसलं, राणी चन्नम्मेच्या गावी. "बेंगळुरूला जाताना बेळगाव सोडलं की लागतं ते," मामा म्हणाले. "तुझ्या परीक्षेच्या रस्त्यावरच आहे. आणि हे सगळं मी शिकलो ते काम करता करता. प्रत्येक नवं यंत्र आलं की खातं ट्रेनिंगला पाठवायचं, पगार चालू ठेवून."

"तेच म्हणते मी. मला कोण पाठवणार? कंपनीला तयार माणूस पाहिजे. तुमच्या वेळी शिकवायचा खर्च खात्याचा होता, आता तो माझा आहे. परीक्षा महाग वाटते ती त्यामुळे."

या मुद्द्यावर मामांनी वाद घातला नाही. त्यांचा खरा आक्षेप पैशाचा नव्हताच. पोरं कमांड पाठ करतात, पास होतात आणि लाइन बंद पडली की स्क्रीनकडे बघत बसतात, असं त्यांचं म्हणणं. ऐकीव नाही. ब्रॉडबँडच्या काळात पत्त्यांचं गणित तोंडावर म्हणणारी आणि मोडेमची वायर उलटी बसल्याचं न कळणारी पोरं त्यांनी पाहिली होती.

भाचीने लॅपटॉप उघडला. पडद्यावर दोन राउटर होते, दोघांत ओएसपीएफ चालू. हा प्रोटोकॉल राउटरांना आपापसांत नेटवर्कचा नकाशा वाटून घ्यायला लावतो आणि मग प्रत्येक राउटर त्या नकाशावरून सगळ्यांत कमी खर्चाची वाट स्वतः काढतो. वाट काढायची ती रीत एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. दोन राउटरांची ओळख पायऱ्यापायऱ्यांनी पटते आणि शेवटच्या पायरीला 'फुल' म्हणतात. इथे ते दोघे मधल्याच 'एक्सस्टार्ट' पायरीवर अडकले होते.

"पिंग जातंय," मामा म्हणाले. तेवढं त्यांना दिसत होतं.

"जातंय. म्हणजे वायर ठीक, पत्ता ठीक. शेजाऱ्यांनी एकमेकांना 'हॅलो' पण म्हटलंय. तरी पुढे सरकत नाहीत. का?"

मामांनी विचार केला. "लहान बोलणं पोचतंय, मोठं पोचत नसणार."

भाची बघतच राहिली. उत्तर जवळजवळ तेच होतं. एका बाजूला एका वेळी जास्तीत जास्त १,५०० बाइटचं पाकीट घ्यायची सोय होती, दुसऱ्या बाजूला १,४०० ची. नकाशाची देवाणघेवाण सुरू करताना राउटर आपली ही मर्यादा, म्हणजे एमटीयू, त्या पाकिटातच लिहून पाठवतो. समोरच्याला ती झेपणारी नसेल तर तो ते पाकीट नाकारतो. पिंगचं पाकीट छोटं असल्यामुळे ते आरामात जातं आणि बघणाऱ्याला सगळं आलबेल वाटतं. ही कमांड नव्हे, हे कारण आहे, आणि ओएसपीएफच्या १९९८ च्या मानक दस्तऐवजात ते लिहून ठेवलेलं आहे. "परीक्षा मला ते वाचायला लावते," ती म्हणाली. "नोकरीत मी काय केलं असतं? राउटर रीस्टार्ट."

मग तिनेच विचारलं, "तुम्हाला कसं कळलं पण?"

"पहिला पाऊस पडला की जमिनीखालच्या केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरायचं. घंटी वाजायची, पण बोलायला लागलं की खरखर. तक्रार यायची 'फोन खराब'. नवा पोरगा फोनचं डबडंच बदलून यायचा. जुना माणूस आधी मेगर लावून जोडीचं इन्सुलेशन बघायचा, मग रस्त्यावरच्या पिलरपासून घराजवळच्या डीपीच्या डब्यापर्यंत तुकडे करत जायचा. कुठवर ठीक आहे ते आधी ठरवायचं, बिघाड आपोआप कोपऱ्यात सापडतो."

याच्यात आणि ती करत होती त्यात पद्धतीचा फरक नव्हता. तरी दोघांचं एकमत झालं असं नाही. मामांच्या मते ही नजर पावसात उभं राहून येते. भाचीच्या मते पाऊस पडायची वाट बघायला आता वेळ नाही आणि चालू नेटवर्कवर प्रयोग करायला कुणी देत नाही.

त्यातून गोष्ट 'डम्प'वर आली. परीक्षेत आलेले प्रश्न उत्तरांसकट गोळा करून विकायचा धंदा जगभर आहे, पुण्यातही त्याची चर्चा कानावर येतेच. असं करताना सापडलं तर सिस्को प्रमाणपत्र काढून घेऊ शकते आणि पुढच्या परीक्षांना बंदीही घालू शकते. मामांनी हे आपल्या बाजूचा पुरावा म्हणून मांडलं: जी परीक्षा पाठ करून पास होता येते ती कसली परीक्षा? भाचीने ते लेखी परीक्षेपुरतं मान्य केलं. दोन तासांच्या त्या पेपरात पाठांतर काही अंशी चालून जातं. प्रात्यक्षिकात नेटवर्क समोर असतं. ते चाललं पाहिजे, आणि प्रात्यक्षिकाच्या डिझाइन व उभारणी या दोन्ही भागांत वेगवेगळे किमान गुण मिळाले पाहिजेत.

मग तिने २००८ सालची गोष्ट काढली. पाकिस्तान सरकारने देशात यूट्यूब बंद करायचा आदेश दिला होता. २४ फेब्रुवारीला पाकिस्तान टेलिकॉमने २०८.६५.१५३.०/२४ या पत्त्यांच्या गटाची वाट स्वतःकडे वळवून टाकली, म्हणजे देशातली मागणी तिथेच जिरेल. नेटवर्कं एकमेकांना वाटा ज्या बीजीपी प्रोटोकॉलने कळवतात, त्यातली ही घोषणा देशातच राहायला हवी होती. ती त्यांना जगाशी जोडणाऱ्या पीसीसीडब्ल्यू कंपनीकडे गेली आणि तिथून सगळीकडे पसरली. यूट्यूब स्वतः २०८.६५.१५२.०/२२ असा १,०२४ पत्त्यांचा मोठा गट जाहीर करत होतं. पाकिस्तानचा गट २५६ पत्त्यांचा, म्हणजे जास्त नेमका. राउटर नेहमी जास्त नेमक्या पत्त्यावर विश्वास ठेवतो. पोस्टमन नुसतं 'सातारा' लिहिलेल्यापेक्षा 'गोडोली, सातारा' लिहिलेलं आधी मानेल, तसंच. जगभरातून यूट्यूबकडे निघालेली मागणी पाकिस्तानात जाऊन बुडू लागली.

"मग यूट्यूबने काय केलं?"

"सुमारे ८० मिनिटांनी यूट्यूबने तोच /२४ गट आपल्याकडूनही जाहीर केला. पुरेना. मग त्याचे दोन तुकडे करून /२५ जाहीर केले, अजून नेमके. पीसीसीडब्ल्यूने घोषणा मागे घेईपर्यंत सव्वादोन तास गेले होते. मामा, आपण नेमकं कुठे हरतोय हे ज्याला कळलं, त्यालाच हा उपाय सुचणार. हे मी लॅबमध्ये चार राउटर मांडून स्वतः करून बघितलंय. कामावर असताना हा प्रकार आयुष्यात एकदा येईल, नाहीतर येणारच नाही."

मामांकडेही उदाहरण होतं, तेही भाचीच्याच धंद्यातलं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद पडलं. नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका कमांडने कंपनीच्या सगळ्या डेटा सेंटरांना जोडणारं आतलं जाळंच तुटलं. अशी कमांड अडवणारी एक तपासणी होती, पण तिच्यातच दोष निघाला. मग संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस सर्व्हरांनी आपला पत्ता जगाला सांगणं आपोआप बंद केलं. इंजिनिअरांना दुरून आत शिरता येईना, कारण शिरायच्या वाटाही त्यासोबत बंद पडल्या होत्या. "शेवटी काय करावं लागलं? माणूस पाठवावा लागला. कुलूप उघडून, मशीनसमोर उभा राहणारा. त्या माणसाला कुठली परीक्षा होती?"

"कमांड दिली त्याला बहुतेक असेल," भाची हसून म्हणाली. "पण एक बघा. दुरून शिरायची वाट वेगळ्या जाळ्यातून ठेवावी, हे डिझाइन आहे. आणि डिझाइनवर परीक्षेतले पहिले तीन तास आहेत."

हा भाग २०२० मध्ये आला. आठ तासांतले पहिले तीन तास उमेदवाराला यंत्राला हात लावता येत नाही. त्याच्यापुढे एका कंपनीचे ई-मेल, आराखडे आणि अडचणी येतात आणि त्यातून त्याने निवड करायची. एकदा दिलेल्या उत्तराकडे मागे फिरून जाता येत नाही. नंतरचे पाच तास उभारणी, चालवणं आणि दुरुस्ती. एकूण विषयांत १५ टक्के भार ऑटोमेशनला आहे, म्हणजे शंभर राउटरांवर हाताने टाइप न करता पायथनच्या चार ओळींत काम करणं.

डिझाइनचं नाव निघाल्यावर मामांनी सांगलीच काढली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. "समज, विश्रामबागेतल्या एका बँकेला तू दोन लाइन दिल्यास. दोन वेगळ्या कंपन्यांच्या, दोन वेगळे राउटर. कागदावर एक तुटली तर दुसरी आहे. पण दोन्ही केबल एकाच पुलाच्या कठड्याला बांधून आणल्या असतील तर? आणि दोन्ही डबे तळमजल्यावर असतील तर? तुझं बीजीपी काय करणार?"

भाची गप्प झाली, पण थोडा वेळच. "डिझाइनच्या पेपरात असाच प्रश्न विचारतात. दोन लाइनांचं नशीब एकच आहे का, हे ओळखायचं."

"पेपरात पूल दिसतो का?"

"नाही. तो कुणीतरी लिहून द्यावा लागतो."

"लिहून देणारा कधीतरी पुलावर उभा राहिलेला असला पाहिजे," मामा म्हणाले आणि उठून चहाचं सांगून आले.

चहा पिताना मामांनी विचारलं, "हे राउटर तूच मांडतेस?" हो, ती म्हणाली. पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं. जीएनएस३ किंवा ईव्ह-एनजी वापरून लॅपटॉपवर डझनभर राउटर उभे करता येतात. एफआरआर नावाचं मुक्त सॉफ्टवेअर लिनक्सवर टाकलं तर ओएसपीएफ आणि बीजीपी एक रुपया न देता शिकता येतात. एक लाख सत्तर हजार परीक्षेचे आहेत, अभ्यासाचे नाहीत.

"आणि बिघाडही तूच करतेस?"

"हो. एमटीयू मीच बदलला होता."

"मग सापडणार नाही तर काय!" मामांनी कप खाली ठेवला. "आपण लपवलेलं आपणच शोधायचं म्हणजे खेळ झाला. मी एवढी वर्षं जे दोष काढले त्यातला एकही मी केलेला नव्हता. कधी उंदराने केला, कधी पाण्याने, कधी जेसीबीवाल्याने. तू म्हणतेस ना, त्या जुन्या परीक्षेत परीक्षक बाहेरून येऊन मोडून ठेवायचा? ती परीक्षा मला पटते."

भाचीला उत्तर सुचलं नाही, कारण हे तिला स्वतःलाच काही दिवस बोचत होतं. सरावात ती सगळं चटकन सोडवत होती आणि ऑपरेशन सेंटरमध्ये तिकीट आलं की पहिली १० मिनिटं चाचपडत होती. सरावाच्या पुस्तकातल्या कूटप्रश्नांत धड्याचं नाव वर छापलेलं असतं. 'बीजीपी' या प्रकरणातला बिघाड बीजीपीतलाच असणार, हे आधीच ठाऊक असतं. तिकिटावर प्रकरणाचं नाव नसतं, "सांगली शाखेचं नेट स्लो आहे" एवढंच असतं.

तिने लॅपटॉप मामांकडे वळवला. "मग तुम्ही मोडा."

"मला तुझ्या कमांड येत नाहीत."

"केबल तोडता येते ना? इथे उजवं बटण दाबलं की तुटते. मी स्वयंपाकघरात जाते."

पाच मिनिटांनी ती परत आली. 'सांगली' नाव दिलेल्या राउटरकडे जाणाऱ्या दोन वाटांपैकी एक बंद होती, पण दोन्ही राउटरांवरचे इंटरफेस चालू दिसत होते. तिने ओएसपीएफचे शेजारी बघितले, एक गायब. प्रमाणीकरण तपासलं, एरिया तपासला, तिचा लाडका एमटीयू तपासला. सगळं जागच्या जागी. मामा शांतपणे भडंग खात होते. बऱ्याच वेळाने तिने प्रोटोकॉल सोडला आणि आकृतीकडे बघितलं. दोन राउटरांच्या मध्ये तिने स्वतःच दोन स्विच ठेवले होते. मामांनी प्रत्येक राउटरपासून स्विचपर्यंतची केबल शाबूत ठेवली होती आणि त्या दोन स्विचांमधली तोडली होती. दोन्ही राउटरांना आपापल्या दाराशी वीज दिसत होती, म्हणून ते बिनघोर होते. 'हॅलो' येत नाही हे कळायला ओएसपीएफला त्याच्या ठरलेल्या हिशेबाने ४० सेकंद लागतात. तेवढा वेळ पाकिटं त्याच मेलेल्या वाटेने जात राहिली असणार.

"हे सिलॅबसात आहे का?" मामांनी विचारलं.

"आहे. बीएफडी म्हणतात. सेकंदाच्या आत पत्ता लागतो, पण दोन्ही टोकांना आधी चालू करून ठेवावं लागतं. मी वाचलंय, लावलं नव्हतं."

"आमच्याकडे असं मधलंच तुटलं की दोन्ही गावचे लोक आपापली लाइन बरोबर असल्याचं सांगायचे."

"आणि मग?"

"मग मी मधून चालत जायचो." त्यांनी भडंगाची पुडी बंद केली. "लेखी परीक्षेचे ४०० भर. प्रात्यक्षिकाचं मी आत्ता हो म्हणत नाही."

"लेखी पास झाल्यावर प्रात्यक्षिकाला तीन वर्षं मिळतात, मामा. तेवढ्यात तुम्ही माझ्या लॅबमध्ये किती केबल तोडाल?"

"बीएफडी लाव आधी," मामा म्हणाले. "आणि या वेळी बाहेर जाताना दार लोटून घे, मला मागून दिसतेस तू."